पाण्याखालच्या व्हिडिओसाठी कॅमकॉर्डर: आधी हाउसिंग, मग कॅमेरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पंचवीसेक डायव्ह झाले, ३० मीटरपर्यंत जायचं प्रमाणपत्र हातात आलं, आता पाण्याखाली चांगला एचडी व्हिडिओ काढायचाय. तीन कॅमकॉर्डर निवडून ठेवलेत, त्यांतला कुठला घ्यावा ते हवंय. हाउसिंगचं, म्हणजे कॅमेरा ज्यात बसवून पाण्यात न्यायचा त्या जलरोधक पेटीचं, ‘मागाहून बघू’ असं एका ओळीत उरकलंय. शेवटी दोन उपप्रश्न आहेत. मित्राच्या कॅमेऱ्यात सगळं निळंच का येतं? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा छोटा ॲक्शन कॅमेरा घेतला तर?

तिन्ही कॅमेरे चांगले आहेत. जमिनीवर शूट करायचं असतं तर ‘हातात घेऊन बघा, जो आवडेल तो घ्या’ एवढंच सांगून थांबलो असतो. घोडं अडतं ते त्या ‘मागाहून बघू’पाशी. पाण्यात तुमचा हात कॅमेऱ्याला लागतच नाही, तो लागतो हाउसिंगला. कॅमेऱ्यात पन्नास सोयी असल्या आणि हाउसिंगने त्यांतल्या सहाच बाहेर आणल्या असल्या, तर तुमच्या कॅमेऱ्यात सहाच सोयी आहेत असं समजा. म्हणून मी क्रम उलटा धरतो: आधी हाउसिंग आणि त्याचा पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरची काच, मग दिवे, आणि या सगळ्यात जो बसेल तो कॅमेरा. हाउसिंग बहुतेक वेळा कॅमेऱ्याहून महाग पडतं. नवीन माणसाला ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला वाटतो. इथे मात्र चव मसाल्याचीच असते.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. माझा पहिला एचडी कॅमकॉर्डर मी दुकानातलं चित्र बघून घेतला होता. स्क्रीन सुरेख, लेन्स सुरेख, आणि सगळा कारभार टचस्क्रीनवर. त्याच्यासाठी जे हाउसिंग मिळालं त्याला बाहेरून तीन बटणं: चालू-बंद, रेकॉर्ड आणि झूम. पहिल्याच डायव्हला १५ मीटरवर व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला सांगून रंग जुळवणं) करायला गेलो आणि लक्षात आलं की ते मेन्यूत तीन टिचक्या आत आहे. समोर काच, काचेपलीकडे दोन बोटांवर ते चित्रातलं बटण, आणि माझा हातमोजा बाहेर. ४० मिनिटं मी निळं शूटिंग करत राहिलो. पुढच्या प्रत्येक डायव्हलाही तेच, कारण यात सुधारण्यासारखं काही नव्हतंच.

त्यामुळे तुमच्या तीन कॅमेऱ्यांबद्दल पहिला प्रश्न असा विचारा: याच्यासाठी हाउसिंग कोण बनवतं, आणि त्यातून मला नेमकं काय काय चालवता येतं? एखाद्याचं हाउसिंग कुणीच बनवत नसेल तर तो यादीतून बाद. कॅमकॉर्डरचा बाजार आता आक्रसलाय. पाण्याखाली व्हिडिओ काढणारे बरेच जण मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले, तसे हाउसिंग बनवणारेही वळले. कॅमकॉर्डरसाठी नवीन हाउसिंग मोजकीच मिळतील. जुनी, वापरलेली मात्र बरीच फिरत असतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

हाउसिंगमधून कॅमेरा चालवायच्या दोन पद्धती आहेत. पहिली यांत्रिक: भिंतीतून आरपार दांडे जातात, प्रत्येक दांड्याला बारीक ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, असते, आणि आतलं टोक कॅमेऱ्याचं खरंखुरं बटण दाबतं. गेट्स कंपनीची ॲल्युमिनियमची किंवा आयकेलाइट कंपनीची पारदर्शक हाउसिंग या पद्धतीची. फायदा असा की वायर नाही, सेल नाही, आणि बिघाड झाला तर डोळ्यांना दिसतो. तोटा असा की हाउसिंग त्या मॉडेलच्या मापाचंच असतं. कॅमेरा बदलला आणि बटण अर्धा सेंटिमीटर सरकलं की दांडा हवेत. दुसरी पद्धत इलेक्ट्रॉनिक: हाउसिंगच्या मुठीत बटणं, आतून एक वायर कॅमेऱ्याच्या रिमोटच्या सॉकेटमध्ये. सोनीने आणलेली आणि कॅननच्या पुष्कळ कॅमकॉर्डरवरही असलेली लँक ही त्यातली सगळ्यांच्या ओळखीची पद्धत. यात भोकं कमी, बोटांना आराम, आणि एकाच हाउसिंगमध्ये दोन-तीन मॉडेलं बसू शकतात. पण कॅमेऱ्याला ते सॉकेटच नसेल तर सगळं व्यर्थ, आणि वायरीच्या टोकावर गंज चढला की आत चालू असलेला कॅमेरा बाहेरून नुसता बघत बसायचं.

दोन्हींत मी यांत्रिककडे झुकतो. दूरच्या बेटावर, दुरुस्तीवाला कुणी नसताना, दांडा मी स्वतः काढून साफ करू शकतो. ज्यांना हाताची बोटं थंड पाण्यात नीट चालवता येत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र इलेक्ट्रॉनिक मुठी खरंच सुखाच्या.

कुठली बटणं हवीत? रेकॉर्ड आणि झूम सगळेच देतात. त्यानंतर माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं हाताने करायचं व्हाइट बॅलन्स, तेही एका बटणावर. त्याच्या पाठोपाठ फोकस ऑटोवरून काढून आहे तिथे अडकवून ठेवायची सोय. पाण्यात तरंगते कण असतात. ऑटोफोकस माशाऐवजी त्यांच्या मागे लागतो आणि चित्र श्वास घेतल्यासारखं मागेपुढे होत राहतं. मग एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेड, कमीजास्त करणं. बाकी काही नसलं तरी चालतं.

आता निळ्या रंगाचं. तुमच्या मित्राचा कॅमेरा बिघडलेला नाही. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. पाचएक मीटरवरच लाल मळकट तपकिरी दिसायला लागतो, दहाच्या पुढे तो राखाडी-काळपट होतो. २० मीटरवर बोटाला खरचटलं तर रक्त हिरवट दिसतं. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच! आपला मेंदू हे बऱ्यापैकी सांभाळून घेतो, म्हणून पाण्यात असताना रंग ‘ठीक’ वाटतात. कॅमेरा सांभाळून घेत नाही.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. मोजायची ती नुसती खोली नाही, प्रकाशाचा पाण्यातला पूर्ण प्रवास मोजायचा. तुम्ही ६ मीटरवर आहात आणि मासा तुमच्यापासून ३ मीटर दूर, तर प्रकाश वरून ६ आणि मग माशापासून लेन्सपर्यंत ३, असा ९ मीटर पाण्यातून आला. तेव्हा रंगासाठीचा पहिला उपाय फुकटचा आहे: जवळ जा. जवळ गेलात, आणखी जवळ जा. हात लांब केला तर विषय बोटांना लागेल (लावू नका) इतकं अंतर चांगलं. पाण्यात झूम करून दूरचं जवळ आणणं म्हणजे मधलं सगळं पाणी, सगळी धूळ आणि सगळा निळेपणा मोठा करून दाखवणं.

दुसरा उपाय व्हाइट बॅलन्स. मी बीसीडीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या) खिशात पांढरी पाटी ठेवतो. ती नसेल तर फिकट वाळू चालते, अगदीच काही नसेल तर स्वतःचा तळवा. सूर्य पाठीशी घ्यायचा, पाटी चौकटभर घ्यायची, बटण दाबायचं. चित्रात एकदम कुणीतरी दिवा लावल्यासारखं होतं. खोली तीनेक मीटरनी बदलली की पुन्हा करायचं. ही सवय लागायला दहा डायव्ह जातात आणि दहाव्यालाही आपण एकदा विसरतोच. काही कॅमेरे ठरावीक निळेपणाच्या पुढे व्हाइट बॅलन्स घेतच नाहीत, निशाण नुसतं लुकलुकत राहतं. तिथे फिल्टर कामी येतो. निळ्या पाण्यासाठी लालसर, हिरव्या पाण्यासाठी मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी. फिल्टर लाल रंग तयार करत नाही, बाकीचे रंग कमी करून तोल साधतो. म्हणजे एक-दीड स्टॉप प्रकाश, निम्मा किंवा त्याहून जास्त, गेलाच. साधारण ५ ते १८ मीटर, वर ऊन, पाणी स्वच्छ, अशा वेळी तो सोन्यासारखा. त्याच्या खाली सावरायला लालच उरलेला नसतो, मग फिल्टर लावून फक्त अंधार वाढतो. म्हणून फिल्टर हाउसिंगच्या बाहेरून, पाण्यातच लावता-काढता येणारा हवा. आत लेन्सवर चिकटवलेला फिल्टर म्हणजे पूर्ण डायव्हभर एकच चष्मा.

‘नंतर कॉम्प्युटरवर रंग सुधारीन’ असं म्हणणारे भेटतात. जे नोंदलंच गेलं नाही ते कुठून आणणार? एचडी कॅमकॉर्डर व्हिडिओ दाबून साठवतात, त्यात रंगाची माहिती आधीच काटकसरीने ठेवलेली असते. तिला ताणलं की माशाच्या अंगावर लाल किडे वळवळल्यासारखा गोंगाट दिसतो.

तिसरा उपाय दिवे. २० मीटरच्या खाली, गुहेत, रात्री किंवा अगदी जवळच्या बारीक जीवांसाठी दिव्यांना पर्याय नाही. पण दिव्याचा हात आखूड असतो. दिव्याचा प्रकाश विषयापर्यंत जातो आणि परत येतो, दोन्ही वेळा पाणी आपला लाल रंगाचा कर वसूल करतं. मीटर-दीड मीटरच्या पुढे रंगाची आशा धरू नका. नुसता लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा बघून दिवा घेऊ नका. झोत रुंद आणि एकसारखा आहे का, मध्ये पांढरा ठिपका पडतो का, ते भिंतीवर मारून बघा. दिवे लेन्सच्या जवळ बसवले तर मधले सगळे कण उजळतात आणि पडद्यावर बर्फ पडतो. ते बाजूला, लांब दांड्यांवर, किंचित बाहेर वळवून ठेवायचे. दिवे लावले की फिल्टर काढायचा आणि व्हाइट बॅलन्स नव्याने. हे न करता लाल फिल्टरसकट दिवे लावलेला माझा एक अख्खा नाइट डायव्ह आहे, त्यात सगळे खेकडे शिजवल्यासारखे दिसतात.

आता पोर्ट. मला विचाराल तर सगळ्या खरेदीत इथे सर्वांत जास्त डोकं चालवावं, आणि याच्याबद्दलच सर्वांत कमी विचारलं जातं.

सपाट काचेमागे लेन्स ठेवली की पाणी आणि हवेच्या सीमेवर प्रकाश वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते ठरवणारा आकडा) सुमारे १.३३, म्हणून वस्तू एक-तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. मास्कमधून हे तुम्ही रोज अनुभवता. लेन्सचा दृश्यकोन साधारण त्याच प्रमाणात आकसतो. हवेत आडवे ५० अंश बघणारी लेन्स सपाट पोर्टमागे जेमतेम ३७ अंश बघते. कॅमकॉर्डरच्या लेन्स मुळातच फारशा रुंद नसतात, त्यात ही कपात. मग डायव्हिंगचा जोडीदार चौकटीत मावावा म्हणून मागे सरकावं लागतं, मागे सरकलं की मध्ये पाणी वाढतं, आणि मगाशी सांगितलेली सगळी रडकथा पुन्हा सुरू. शिवाय सपाट काचेतून रुंद लेन्सने पाहिलं तर कडेला रंग फुटतात.

घुमटासारख्या पोर्टने, म्हणजे डोमने, हा प्रश्न सुटतो. किरण काचेला जवळजवळ काटकोनात भेटतात, म्हणून वाकत नाहीत आणि कोन शाबूत राहतो. पण डोम आणि पाणी मिळून स्वतःच एक लेन्स बनते. कॅमेऱ्याला खरा मासा दिसत नाही, डोमच्या अगदी समोर त्याची लहान आभासी प्रतिमा दिसते. डोमची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर पाण्यातली कितीही दूरची वस्तूसुद्धा काचेपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर असल्यासारखी फोकस करावी लागते. पुष्कळ कॅमकॉर्डर झूम पूर्ण बाहेर असताना इतकं जवळचं सहज फोकस करतात, पण झूम करत गेलं की त्यांना मीटरभर अंतर लागतं आणि चित्र विरघळतं. म्हणून विक्रेत्याला हा प्रश्न नक्की विचारा: या पोर्टमागे हा कॅमेरा पूर्ण झूमभर फोकस धरतो का? नसेल तर लेन्सवर क्लोज-अप काच चढवावी लागेल, आणि तिच्यासाठी हाउसिंगमध्ये जागा आहे का? लेन्स डोमच्या केंद्रात बसली नाही तर कडा धूसर होतात. हाउसिंग त्या मॉडेलसाठीच बनलेलं असावं, त्याचं हेही एक कारण.

मधला मार्ग म्हणजे सपाट पोर्ट आणि त्याच्यावर पाण्यातच बसवता-काढता येणारी वाइड लेन्स. तीच जागा बारीक जीवांसाठी क्लोज-अप लेन्सलाही चालते. एका डायव्हमध्ये देवमासाही आणि समुद्री गोगलगायही, अशी हाव असेल तर हाच रस्ता. लेन्स चढवताना दोन काचांमध्ये बुडबुडा राहतो तेवढा झटकायचा. बुडबुड्यासकट वीस मिनिटं शूट करण्याचा मान मला मिळालेला आहे.

तुम्हाला काय शूट करायचंय हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पोर्टचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. खडक, बुडालेली जहाजं, डायव्हर, मोठे मासे असतील तर डोम किंवा वाइड. गढूळ पाणी आणि बारीक जीव असतील तर सपाट पोर्ट आणि क्लोज-अप. गढूळ पाण्यात डोमवर खर्च करणं मला पटत नाही.

हाउसिंगच्या धातू-प्लास्टिकच्या वादात फार अडकू नका. दर १० मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. ३० मीटरवर २० बाय १५ सेंटिमीटरच्या मागच्या झाकणावर जवळपास ९०० किलोंचा भार असतो. चांगलं पॉलिकार्बोनेट प्लास्टिकही हे सोसतं, फक्त लिहिलेली मर्यादा तुमच्या खोलीपेक्षा बरीच जास्त असू द्या. ३० मीटरच्या डायव्हरने ४० चं हाउसिंग घेणं मला घट्ट वाटतं, ६० चं बरं. पारदर्शक हाउसिंगमध्ये थेंब आत आलेला दिसतो, हा त्याचा मोठा गुण. ॲल्युमिनियम महाग आणि प्रवासात जड. पण धातू आतली उष्णता पाण्याला देऊन टाकतो, आणि बाष्प जमायचंच असेल तर ते काचेवर जमण्याआधी गार धातूवर जमतं. प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये कॅमेरा तापतो, आतली हवा दमट असते, बाहेर थंड पाणी, आणि नेमका मोठा मासा आला की काचेवर आतून धुकं. उपाय साधा: हाउसिंग सकाळी कोरड्या, थंड खोलीत बंद करायचं, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकायच्या, आणि बोटीवर ते उन्हात न ठेवता ओल्या टॉवेलखाली ठेवायचं.

वजनाबद्दल लोक जमिनीवर उचलून मत बनवतात. पाण्यात ते खोटं ठरतं. ८ लिटर पाणी बाजूला सारणारं हाउसिंग समुद्रात सुमारे ८.२ किलोपर्यंत तरंगतं. कॅमेऱ्यासकट तेवढं वजन भरलं तर पाण्यात ते जवळजवळ शून्य. मला किंचित बुडणारं आवडतं, सोडलं तर हळूहळू खाली जाईल असं. गोड्या पाण्यात तेच हाउसिंग २०० ग्रॅम जड वाटेल. त्याहून महत्त्वाचा आहे समतोल. हात सोडल्यावर पोर्ट वर किंवा खाली वळत असेल तर मनगट पूर्ण डायव्हभर त्याच्याशी भांडत राहतं आणि ते भांडण पडद्यावर दिसतं. दोन मुठी असलेलं, थोडं मोठं हाउसिंग छोट्यापेक्षा स्थिर चित्र देतं. छोटं हाउसिंग थरथरतं.

आता कॅमेरा, ज्याच्यासाठी तुम्ही विचारलं होतंत. त्यावर मी थोडकंच बोलणार. अंधारात चांगला असावा, म्हणजे सेन्सर त्यातल्या त्यात मोठा. स्थिरीकरण लेन्समधलं असावं, कारण इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण कडा कापून आधीच कमी असलेला कोन आणखी कमी करतं. स्क्रीन हाउसिंगच्या मागच्या खिडकीतून पूर्ण दिसावी. बॅटरी दोन डायव्ह टिकावी, मध्ये हाउसिंग उघडायची वेळ येऊ नये. आवाजाकडे दुर्लक्ष करा, पाण्याखाली तुमच्या रेग्युलेटरचे बुडबुडे सोडून फारसं काही ऐकू येत नाही.

फॉरमॅटचं एवढंच: तुमच्या यादीतला एक टेपवरचा एचडीव्ही आहे. त्याचं चित्र १४४० बाय १०८०, सेकंदाला २५ मेगाबिट, आणि आजही बघायला छान. पण टेप ६० मिनिटांची, कॉम्प्युटरवर उतरवायलाही ६० मिनिटं, आणि दमट हवेत टेपचा कॅमेरा दवाचं निशाण दाखवून संप करतो. कार्डवर लिहिणारा एव्हीसीएचडी घ्या. २४ मेगाबिटपर्यंत जाणारा असेल तर उत्तम, सेकंदाला ५० प्रोग्रेसिव्ह (एक आड एक रेघ न गाळता पूर्ण) फ्रेम देणारा नंतरचा प्रकार असेल तर आणखी चांगला, कारण हलत्या शेपटीवर कंगव्याचे दात दिसत नाहीत.

छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याला मी नाक मुरडत नाही. पंचवीस डायव्ह झालेल्या माणसाला तो कदाचित जास्त योग्यही ठरेल. कोन रुंद, किंमत कमी, बुडाला तरी घर बुडत नाही. व्हाइट बॅलन्स हाताने पाटीवर करायची सोय मात्र त्यांत सहसा नसते, म्हणून फिल्टरवर मदार. झूम नाही, आणि अगदी जवळचं फोकस होत नाही. सुरुवातीच्या काहींच्या हाउसिंगची काच फुगीर होती, हवेत छान आणि पाण्यात सगळं धूसर. आता सपाट काच मिळते, तरी जुना घेताना बघून घ्या. तो नुसता हातात धरून फिरू नका, एका आडव्या पट्टीवर दोन मुठींमध्ये बसवा. निम्मा फरक त्या पट्टीनेच पडतो.

आणि एक स्पष्ट बोलतो. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता न वर जाता तरंगणं, अजून हातात बसली नसेल तर कुठलाच कॅमेरा घेऊ नका, निदान दहा डायव्ह थांबा. स्क्रीनकडे बघत बघत माणूस खाली सरकतो, प्रवाळावर गुडघे टेकतो, हवा बघायची विसरतो. कॅमेऱ्याशिवाय दोन मिनिटं एका जागी, हात न हलवता तरंगता येतं का ते पाहा.

वापरलेला संच घेणार असाल तर कॅमेरा आणि हाउसिंग एकत्रच घ्या, तेही शक्य असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा सुटा कॅमेरा मिळतोय अशी खात्री करून. कॅमेरा मेला की हाउसिंग शोभेची पेटी होतं. ओ-रिंगची खाच भिंगाने तपासा, तिथे नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सोडून द्या. प्रत्येक बटण दाबून बघा, ते झटकन परत आलं पाहिजे. आळसावून परत येणारं बटण म्हणजे आत मीठ. मुख्य ओ-रिंग अजून बनते का, हे बनवणाऱ्याला विचारा. गळतीचा अलार्म असेल तर ओल्या बोटाने सेन्सरला स्पर्श करून तो वाजवून बघा.

ओ-रिंगबद्दल दोन शब्द, कारण माझा एक कॅमेरा एका केसाने गेलाय. माझ्याच दाढीचा, इंचभर. बोटीवर गडबडीत बॅटरी बदलली, झाकण लावलं, आणि ३ मीटरवरच कोपऱ्यात पाण्याची रेघ दिसली. लोकांना वाटतं गळती खोलवर होते. खरं तर खोलवरचा दाब झाकण ओ-रिंगवर आणखी घट्ट दाबतो. घात होतो तो पृष्ठभागाजवळ, आणि कित्येकदा बोटीवरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत, जिथे दहा हाउसिंग एकमेकांवर आपटत असतात. ओ-रिंग बोटांनी काढायची, टोकदार वस्तूने नाही. बोटांच्या चिमटीतून फिरवत साफ करायची, आणि ग्रीस फक्त चमक येईल इतकंच लावायचं. ग्रीस पाणी अडवत नाही, ते रबर सरकतं ठेवतं. जास्त लावलं तर केस आणि वाळू गोळा करतं. ग्रीस हाउसिंग बनवणाऱ्याने सांगितलेलंच वापरा, कारण सिलिकॉनची ओ-रिंग भलत्या ग्रीसने फुगते.

हाउसिंग हातात आलं की पहिल्या डायव्हला त्यात कॅमेरा घालू नका. कॅमेऱ्याच्या वजनाइतकं शिसं टॉवेलमध्ये गुंडाळून आत ठेवा, नाहीतर ते फुग्यासारखं वर पळेल. वर कोरडा टिश्यू पेपर पसरा, झाकण लावा आणि जितकं खोल जायचा विचार आहे तिथपर्यंत घेऊन जा. तिथे प्रत्येक बटण वीस वेळा दाबा. वर आल्यावर बाहेरचं पाणी पुसून, झाकण खालच्या बाजूला धरून उघडा आणि टिश्यू बघा. त्यावर एक जरी ओला ठिपका असला तरी तो कुठल्या बटणाखाली आहे ते आधी शोधा. माझ्या सध्याच्या हाउसिंगमध्ये असा ठिपका झूमच्या दांड्याखाली निघाला होता, आणि ती ओ-रिंग शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान होती.

तुमच्या भागात पाणी किती स्वच्छ आहे, आणि आतापर्यंतच्या पंचवीस डायव्हमध्ये तुम्ही कशापाशी सर्वांत जास्त वेळ थांबलात, एवढं कळवा. मग पोर्टबद्दल नेमकं सांगता येईल.